तिसऱ्या वळणावर जागा कुणाची

धडक झाली तेव्हा मोजणीबाई नेमक्या चष्मा पुसत होत्या. पंच म्हणून त्यांचा पहिलाच दिवस. सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या, आणि नवव्या फेरीत पत्र्यावर पत्रा आदळल्याचा आवाज आला तेव्हा समोर सगळं धूसर. चष्मा नाकावर चढेपर्यंत तिसऱ्या वळणाबाहेरच्या खडीत एक निळी आणि एक पिवळी गाडी शेजारी शेजारी रुतून बसली होती.

एरवी त्या जमिनी मोजायच्या. कुंपण कुणाच्या हद्दीत गेलं, यावरून हमरीतुमरीवर आलेल्या शेजाऱ्यांच्या मधे फीत धरून उभं राहायची त्यांना सवय होती. मोठ्या पंचांनी पॅनेलवर या म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मला शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच या," मोठे पंच म्हणाले होते. "ज्यांना कळतं, ते सगळे आधीच कुणाच्या तरी बाजूचे असतात."

अर्ध्या तासाने मनोऱ्याखालच्या खोलीत सुनावणी सुरू झाली. लांब टेबल, एक पडदा, कुरकुरणारा पंखा. टेबलाच्या अलीकडे तीन पंच: मोठे पंच, स्वतः दहा वर्षं शर्यती खेळलेला गॅरेजवाला, आणि मोजणीबाई. पलीकडे निळ्या गाडीचे मास्तर आणि पिवळ्या गाडीची डॉक्टर. मास्तर सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. डॉक्टर दातांची, वय पस्तिशीचं. तिला गाडी शिकवली होती ती मास्तरांनीच.

"मी माझ्या रेषेवर होतो," मास्तर म्हणाले. "वळलो, आणि ही कुठून तरी येऊन माझ्या दारावर आदळली."

"कुठून तरी नाही, मास्तर, आतून आले. जागा होती. दार उघडं होतं."

"दार उघडं दिसलं म्हणून कुणाच्याही घरात शिरायचं का?"

"घर नाही ते तुमचं. रस्ता आहे."

मोठ्या पंचांनी टेबलावर बोट वाजवलं. नियम सरळ होता. वळायला सुरुवात करताना आतल्या गाडीचं पुढचं चाक बाहेरच्या गाडीच्या आरशाजवळ पोचलं असेल, तर बाहेरच्याने तिला जागा सोडायची. पोचलं नसेल, तर आतलीने मागे राहायचं. प्रश्न एवढाच, की चाक पोचलं होतं का.

मागच्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाचदा पाहिलं. त्यात दोन्ही गाड्यांच्या पाठी दिसत होत्या. पिवळी गाडी बाणासारखी आत घुसली आणि निळी तिच्यावर वळली, एवढंच. चाक कुठे होतं, देव जाणे. निळ्या गाडीचं दार बघून आलेला गॅरेजवाला म्हणाला, "टायरचा काळा पट्टा सगळ्या दारावर पसरलाय. कुठून सुरू झाला, सांगता येत नाही. पण ती उशिरा घुसली हे आंधळ्यालाही दिसेल. चूक डॉक्टरची."

मोठ्या पंचांची मानही हलली. त्यांनी मोजणीबाईंकडे पाहिलं.

"ही उशिरा घुसली," बाई म्हणाल्या, "की हे लवकर थांबले?"

"म्हणजे?" मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सव्वीस वर्षं ब्रेक लावतोय मी!"

"तसं नाही हो. मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारते. आधीच्या फेऱ्या दाखवता का?"

गॅरेजवाल्याने उसासा टाकून चित्रण मागे नेलं. मोजणीबाई खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसल्या आणि वळणाच्या दिशेने कुंपणाचे खांब मोजू लागल्या. पहिल्या सात फेऱ्यांत निळ्या गाडीचे लाल दिवे दर वेळी नवव्या खांबापाशी लागत होते. आठव्या आणि नवव्या फेरीत ते सहाव्या खांबापाशीच लागले. पिवळीचे मात्र सगळ्या फेऱ्यांत दहाव्यापाशी.

"बाकीच्यांचं बघू," गॅरेजवाला म्हणाला. आता तोही पुढे सरकला होता. बाकीचेही शेवटच्या दोन फेऱ्यांत सहाव्यालाच थांबत होते, जवळजवळ सगळे.

"सगळ्यांना एकदम धास्ती कसली वाटली?" मोठे पंच म्हणाले.

तिथे बसून उत्तर मिळण्यासारखं नव्हतं. पाचही जण उन्हात चालत तिसऱ्या वळणाकडे निघाले. मोजणीबाईंच्या पिशवीत फीत होतीच. ती घरी ठेवून कुठे जायची त्यांना सवय नव्हती.

वळणाआधी कडेला 'शंभर' लिहिलेली पाटी तिवईवर उभी होती. वळण शंभर मीटरवर आलं, हे सांगणारी; ती बघूनच बहुतेक जण ब्रेक लावायचे. तिथे झेंडेवाले काका होते, टपालखात्यातून निवृत्त झालेले, दर शर्यतीला स्वतःचा डबा घेऊन येणारे.

"काका, ही पाटी आज हलली का?" मोजणीबाईंनी विचारलं.

"सातव्या फेरीत एक गाडी घसरली ना, तिने उडवली. मीच धावत जाऊन उभी केली. का हो?"

बाई गवतात वाकून चालू लागल्या. वळणाच्या दिशेने, पाटीपासून बऱ्याच अंतरावर त्यांना तीन गोल पिवळे डाग सापडले. तिवईच्या पायांखाली गवत महिनोन्‌महिने दबून पिवळं पडलं होतं. त्यांनी फीत ताणली. दुसरं टोक गॅरेजवाल्याने धरलं.

"तेरा मीटर चाळीस," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "गाड्या येत होत्या, ताई. अंगावर येत होत्या. जिथे हाताला लागली तिथेच..."

"तुम्ही धावलात हेच खूप आहे," मोठे पंच म्हणाले.

"पण डॉक्टर कशी फसली नाही?" गॅरेजवाल्याला राहवेना.

डॉक्टर ओशाळून हसली. "मला त्या वेगात पाटी वाचताच येत नाही. तिथे डांबराला सांधा आहे, गाडी किंचित उडते. उडाली की मी ब्रेक लावते."

परतताना सगळे मोकळे झाले होते. पाटीमुळे मास्तर लवकर थांबले, डॉक्टर नेहमीच्या जागी थांबली, म्हणून ती आपोआप आत आली. घुसलीबिसली कुणीच नव्हती. खोलीत पोचल्यावर मोठ्या पंचांनी कागद पुढे ओढला. "मग दोघांचीही चूक नाही, असं लिहू?"

"लिहा," गॅरेजवाला म्हणाला.

मास्तरांनी हेल्मेट उचललं. मोजणीबाई मात्र अजून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मास्तर, एक सांगाल? मी कधी अशा गाडीत बसलेले नाही. वळताना तिथून दिसतं काय? आरशात काही कळतं, की नुसतंच पळत असतं सगळं?"

प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मास्तरांनी हेल्मेट पुन्हा टेबलावर ठेवलं.

"आरशात नाही," ते म्हणाले. "खिडकीत. तिचं हेल्मेट दिसलं मला. वळायच्या आधी."

गॅरेजवाला ताठ झाला. हेल्मेट खिडकीत दिसलं, म्हणजे तिचं पुढचं चाक आरशाच्याही पुढे होतं.

"मग वळलात का?" मोठ्या पंचांनी हळूच विचारलं.

"वाटलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढेल. मीच शिकवलंय तिला, शंका आली की पाय काढायचा. चार वर्षं ती माझ्यापुढे पाय काढतेय. आजही काढेल, हे मी धरूनच चाललो."

डॉक्टर त्यांच्याकडे वळली. "मास्तर, मला शंका आलीच नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही जागा सोडाल, असं वाटलं."

मोठ्या पंचांनी पहिला कागद फाडून दुसरा घेतला. पाटी चुकीच्या जागी होती, हे त्यांनी लिहिलं. पाट्यांच्या जागा यापुढे जमिनीवर रंगवाव्यात, हेही लिहिलं. शेजारी गाडी दिसूनही जागा सोडली नाही, म्हणून चूक निळ्या गाडीची. पुढच्या शर्यतीत तिने शेवटच्या रांगेतून निघायचं. मास्तरांनी न वाचता सही केली. मग डॉक्टरने पेन घेतलं, आणि सही करता करता म्हणाली, "तुमच्या गाडीचं दार माझ्या भावाकडे पाठवा. पत्र्याचं काम चांगलं करतो तो."

"बघू," मास्तर म्हणाले. आवाज अजून घोगराच होता.

मोजणीबाई फीत गुंडाळत दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"मास्तर, घाई नसेल तर मला एक फेरी मारून आणता? हळू. खिडकीतून कसं दिसतं, ते बघायचंय."

मास्तरांनी मोठ्या पंचांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून मैदानाच्या जीपची किल्ली काढून टेबलावर सरकवली.

"चला," मास्तर म्हणाले. "पण आधी पट्टा बांधायचा. आणि मी सांगेपर्यंत दाराला हात लावायचा नाही."

"काका, तुम्हीही या," बाईंनी वाटेत झेंडेवाल्या काकांना हाक मारली. काका नको नको म्हणत मागच्या सीटवर चढले, आणि जीप निघाली.