चेनची ओळ

भुंग्याची मोटरसायकल उतारावरून कोलमडत गेली तेव्हा तिच्यातलं इंजिन तेवढं वाचलं. हँडल पिळवटलं, पुढचं चाक चपटं झालं, आणि भुंग्याचा डावा गुडघा असा फुटला की डॉक्टरांनी तो सरळच्या सरळ जोडून टाकला. आता तो कधीच वाकणार नव्हता. इंजिनाला मात्र ओरखडा नाही. घरी आणल्यावर पहिल्या किकला सुरू झालं. आई म्हणाली, मेल्याला लाज कशी वाटत नाही. ती इंजिनाला म्हणाली होती, पण बापलेक दोघांनीही ते आपापल्या अंगावर घेतलं.

भुंगा लहानपणी तोंडाने गाडीचा आवाज काढत घरभर फिरायचा, त्यावरून हे नाव पडलं. पुढे मातीतल्या शर्यतींमध्ये लाउडस्पीकरवरही तेच पुकारलं जाऊ लागलं. आता पुकारायला कोणी नव्हतं. तो पाय समोर पसरून खाटेवर बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. एक दिवस मात्र तो मित्राच्या टेम्पोतून एक सांगाडा घेऊन आला. शर्यतीचा क्वाड होता तो. चार फुगीर चाकं, मध्ये घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, वळणावर पाय टेकवायचा प्रश्नच नाही. क्वाडचं स्वतःचं इंजिन जळालेलं होतं. त्यात मोटरसायकलचं बसवायचं, गिअर पायाऐवजी हाताच्या दांड्यावर घ्यायचे, की झालं. मग परत मैदानात.

आईने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. तो कोणाच्या लक्षातच आला नाही, कारण लोखंड कापायचा ग्राइंडर चालू होता.

भुंग्याचा बाप गाड्यांचा मिस्त्री होता, त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण दवाखान्यातून आल्यापासून पोरगा पहिल्यांदाच पोटभर जेवला होता, आणि बापाला तेवढं पुरलं. त्याची अडचण निराळी होती. आयुष्यभर वेल्डिंग केलं, काळी काच डोळ्यांपुढे धरायचा कायम कंटाळा. आता जिथे बघावं तिथे नेमका मधोमध धुरकट डाग यायचा, कडेचं तेवढं दिसायचं. नट-बोल्ट तो बोटांनी ओळखायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, काय हात आहे, न बघता इंजिन खोलतो. बघून खोलता येत नाही, हे फक्त बायकोला ठाऊक होतं. पोराला सांगायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती.

जळालेलं इंजिन धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या त्याने कापून काढल्या. मोटरसायकलचं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. ते सांगाड्याच्या मधोमध दिसलं पाहिजे असं काही नसतं. बघायची ती चेनची ओळ. मागच्या दातेरी चक्राला सरळ पट्टी लावायची, ती पुढे इंजिनाच्या चक्रापर्यंत न्यायची. दोन्ही एका रेषेत आली की मगच पट्ट्यांना वेल्डिंगचे टाके मारायचे. रेष चुकली तर चेन दात सोडते. मिस्त्री हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगत आला होता की बायकोलाही पाठ होतं.

आता ती ओळ बघायची कोणी? बघायला जमिनीवर आडवं व्हावं लागत होतं. पोराचा गुडघा वाकत नव्हता, बापाला दिसत नव्हतं. बापाने कंबर धरल्याचं निमित्त केलं आणि आईला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि सांगाड्याशेजारी आडवी झाली.

"सरळ आहे का?" मिस्त्रीने विचारलं.

पट्टी पुढच्या चक्राच्या बाहेरून जात होती. फार नाही, नखभर. सांगितलं असतं तर त्याने ठोकळा जरासा सरकवला असता आणि काम नीट झालं असतं. मग पोरगा त्याच्यावर बसून पुन्हा त्याच उतारावर गेला असता. तिला वाटलं, अंगणातच चेन उतरेल. एकदा उतरेल, दोनदा उतरेल, बापलेक एकमेकांवर खेकसतील, आणि बाकीच्या गोष्टींसारखं हेही छपराखाली गंजत पडेल.

"अगं, सरळ आहे का?"

"सरळ आहे," ती म्हणाली.

त्याने टाके मारले. मग इंजिन उतरवून सगळ्या पट्ट्या पक्क्या जोडल्या, परत चढवलं, चेन घातली. भुंगा अंगणात फिरला. एक फेरी, दुसरी फेरी. ती दारात उभी राहून वाट बघत होती. चेन उतरली नाही. भुंगा हसत होता. बापाने कडेच्या नजरेने त्याला पाहिलं आणि तोही हसला.

मग भुंग्याने फाटकातून गाडी बाहेर काढली आणि मागच्या मोकळ्या मैदानाकडे वळवली. हळू चालवताना नखभर चूक खपते, वेगात खपत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

"अहो, थांबवा त्याला. ओळ वाकडी आहे."

"तू तर सरळ म्हणालीस."

तो तिच्याकडे बघत राहिला, म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा बाजूला. मग पळाला. पळताना बादलीला अडखळला, उठला, हाका मारत सुटला. इंजिनाच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार.

मैदानाच्या मध्यावर चेन उतरली. उतरून पुढच्या चक्रामागे गोळा झाली, इंजिनाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, फोडून तिथेच अडकली. मागची दोन्ही चाकं एका क्षणात जाम झाली आणि भुंगा हँडलवरून पुढे फेकला गेला.

हनुवटी फाटली, दात गेले, मनगट सुजलं. टाके घालून आणल्यावर तो खाटेवर बसला आणि फडक्याआडून म्हणाला, "बाबा, ओळ कोणी बघितली होती?"

आईने तोंड उघडलं. मिस्त्री तिच्या आधी बोलला.

"मीच. आईला नुसती पट्टी धरायला बोलावलं होतं. मला दिसत नाही रे हल्ली. लपवलं तुझ्यापासून."

"दिसत नाही, आणि मला वर बसवलंत?"

"हो."

पोरगा भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं येईनाशी झाली. भुंग्याने मित्रांना सांगितलं, मित्रांनी बाकीच्यांना. ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला होत्या ते त्या अर्धवट खोललेल्याच घेऊन गेले, वर म्हणाले, काका, आता आराम करा.

तिने स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठलं आणि म्हणाली, मी त्याला खरं सांगते.

"काय सांगशील? पुढे पडू नये म्हणून आधीच पाडला?" तो हळू बोलत होता. "बाप आंधळा झाला, हे पचेल त्याला. हे नाही पचायचं."

"आणि तुमचं काम?"

"ते जाणारच होतं."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हात पुढे करून चाचपत पाण्याचा तांब्या शोधला. तिने तो सरकवला नाही, कारण त्याला ते आवडत नसे.

मनगटाची सूज उतरल्यावर भुंगा पुन्हा टेम्पो घेऊन आला. पलीकडच्या वस्तीत दुसरा एक मिस्त्री होता, नव्या केसिंगची सोय करून सगळं नीट जोडून देणार होता. म्हणजे भुंग्याच्या थंडीतल्या शर्यती चुकणार नव्हत्या. बाप ओसरीवर बसून होता. भुंग्याने त्याला हाक मारली नाही.

"आई, धर ना जरा तिकडून," तो म्हणाला.

सांगाडा जड होता. तिने पदर खोचला, मागची बाजू धरली, आणि दोघांनी तो टेम्पोत चढवला.