न आलेला वास

ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो त्या कसाव्याची पानं आधी कुटायची, उघड्या खिडक्यांपाशी पसरायची, धुवायची आणि मगच शिजवायची, ही कारखान्यातली मावशीची तेवीस वर्षांची शिस्त. पानांत सायनाइड दडलेलं. कुटलं की ते सुटतं आणि हवेत उडून जातं. कडू बदामासारखा वास आला की मावशी म्हणायची, "निघाला बघा पाहुणा!"

नव्या साहेबांना मात्र कुटण्याच्या खोलीचं वावडं. "वेळ खाते नुसती. अख्खी पानं थेट उकळत्या पाण्यात टाका, काम फत्ते!" येत्या सोमवारपासून खोलीला कुलूप लागणार होतं. इथल्या शिजलेल्या पानांचे डबे शाळांत जायचे, लहान पोरं खायची.

तपासणी मावशीच्या सुनेकडे होती. तिने दोन्ही पद्धतींची शिजलेली पानं दोन बाटल्यांत घातली, वर पिवळ्या कागदाच्या पट्ट्या लटकवून बुचं लावली. सायनाइड सुटलं तर पट्टी तपकिरी होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिवळ्याधमक! साहेब असे फुलले की सदऱ्याची बटणं तेवढी तुटायची राहिली.

"हरलात, मावशी."

मावशी ढिम्म हलली नाही. "तुमच्या पातेल्याजवळ मी सकाळभर उभी होते, साहेब. वास आलाच नाही. मग विष गेलं कुठे?"

"नाकावर कारखाना चालत नाही."

घरी सासूचं एक ऐकेल तर शपथ, अशी ती सून. पण आता तिने कपाळावर हात मारला. "अहो, खरंच की! विष मोकळं करणारा रस पानातच असतो. अख्खी पानं उकळली की रस मरतो आणि विष आत अडकतं. सुटलंच नाही, तर पट्टी रंगेल कशी?"

तोच रस, विष काढून गाळलेला, तिच्या कपाटात होता. तिने नव्याने भरलेल्या दोन्ही बाटल्यांत तो सारखाच घातला.

संध्याकाळी मावशीची पट्टी पिवळीच होती. साहेबांची तपकिरी झाली होती, चांगली गडद. मावशीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आई, जिंकलात!" सून म्हणाली. "पण हे नाक माझ्या स्वयंपाकात खुपसू नका हं."

साहेबांनी त्या खोलीसाठी आणलेलं नवं कुलूप खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"मावशी, सोमवारी मला कुटायला शिकवाल?"

"शिकवीन की. आधी खिडक्या उघडा."

साहेब उठले आणि एकेक करून सगळ्या खिडक्या उघडू लागले.