बिनआवाजाचा रस्ता

"थांब," दादा म्हणाला. धाकटा भाऊ थांबला. रस्त्याच्या कडेला दादाने मान कलती करून कान दिला, बराच वेळ दिला. मग "आता नाही कुणी," म्हणत पाऊल टाकलं.

भावाने त्याचा दंड धरून मागे ओढलं. पांढरी मोटार अगदी समोरून गेली. तिच्या वाऱ्याने दादाच्या सदऱ्याचं टोक हललं.

दादाची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी पलीकडच्या न्हाव्याकडे तो रोज एकटा जायचा. दाढी हे निमित्त, खऱ्या त्या गप्पा. जुन्या रस्त्याची खडी जाड होती. टायर खरखरत यायचे आणि गाडी लहान की मोठी, जवळ की लांब, हे दादा आवाजावरून ओळखायचा. वहिनीची झोप मात्र त्याच आवाजाने उडाली होती. भावजी एवढे आवाजातले जाणकार आणि दारात हा कल्ला, असा तिचा धाकट्या दिराला टोमणा असायचा.

कोणत्या डांबरावर कोणता टायर किती आवाज करील याचं मॉडेल संगणकावर बसवणं, ही भावाची नोकरी. नव्या डांबराच्या चाचणीसाठी रस्ता सुचवायची वेळ आली तेव्हा त्याने हाच सुचवला. बारीक खडी, मध्ये पोकळ छिद्रं. टायरखाली दबलेली हवा त्यांत मुकाट जिरायची. प्रत्यक्ष मोजणी मॉडेलशी तंतोतंत जुळली. साहेबांनी पाठ थोपटली. वहिनीने फोनवर सांगितलं की आता ती घोरते, आणि तक्रार दादा करतो.

त्या सगळ्या गणितात दादाचा कान कुठेच नव्हता.

आज भाऊ आला तर दादाची दाढी वाढलेली. गुडघा धरलाय, म्हणून कुठे जात नाहीत, असं वहिनी म्हणाली. भावानेच आग्रहाने त्याला बाहेर काढलं होतं.

"गुडघ्याचं खोटं ना, दादा?"

"गुडघा बिचारा बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकललं."

"मी वर सांगतो. जुनी खडी परत टाकायला लावतो."

"आणि तुझी वहिनी परत जागी राहील. किती वर्षांनी झोपतेय ती. तिच्यापाशी यातलं अवाक्षर काढायचं नाहीस."

चूक आपली, आधी सुचायला हवं होतं, असं काहीतरी भाऊ पुटपुटू लागला. दादाने ते पुरं होऊ दिलं नाही. चाचपडत त्याने भावाची बाही शोधली आणि दोन बोटांत धरली. हात धरला नाही.

दोघे पलीकडे गेले. दुकान चार पावलांवर आलं, आतलं हसणं ऐकू आलं, तशी दादाने बाही सोडली. कॉलर सारखी केली.

"तू इथेच थांब," तो हळूच म्हणाला, आणि हसण्याच्या रोखाने ताठ चालत एकटा आत गेला.

इतके दिवस होता कुठे, असं कुणीतरी विचारलं. दादाने गुडघ्याचं सांगितलं.

भाऊ बाहेर उन्हात उभा राहिला. परत जाताना दादाला तो लागणार होता.