उतरव

गाडीभर सिमेंट भिजून दगड झालं होतं. पोलादपूरच्या पुढं, उमरठच्या रस्त्याला एका कंत्राटदाराची शेड होती. वादळानं तिचे पत्रे सकाळीच उडवले, तसा कंत्राटदाराचा महाडच्या ऑफिसात फोनही आला होता. तरी ड्रायव्हर काशीरामनं माल तिथंच उतरवला. दुसऱ्या दिवशी ट्रकमालक महमूदशेठनी त्याला ट्रक उभे राहतात त्या आवारात, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत धरलं.

"पत्रे उडालेले दिसले नाहीत तुला? डोळे फुटले होते?"

"दिसले शेट. म्हनून तर फोन लावला. लागला नाय." काशीराम शांतपणे म्हणाला. "मेसेजात तुमी लिवलंत, शेडमदी उतरव. उतरवला. वर ताडपत्री बांधली. वाऱ्यानं ती नेली, त्याला मी काय करू?"

"उतरवू नको म्हणून कळवलं होतं मी! माहरुख, दाखव गं याला."

माहरुख शेठची मुलगी. कॉम्प्युटरचा कोर्स करून ती ऑफिसात बसू लागली होती. कॉम्प्युटरला वायरीनं मोबाइल जोडून ड्रायव्हरांना तिथून मेसेज पाठवायची कल्पना तिचीच. घाटात फोन लागत नसे, पण मेसेज वाट बघत राही आणि रेंज आली की पोचे. शेठनी ही गोष्ट महाडच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी सांगितली होती. निरोप ते तोंडानं सांगत, ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवी. काशीराम इंग्रजी अक्षरं शिकला होता ती गाड्यांच्या नंबरप्लेटांवरून. एकेक अक्षर जुळवून तो वाची.

तिनं पाठवलेला मेसेज पडद्यावर काढला. डिझेलची चिठ्ठी कुठल्या पंपावर द्यायची, जुन्या ताडपत्र्या परत आणायच्या, गुरुवारी वीर स्टेशनवरून पार्सल उचलायचं, आणि सगळ्यात शेवटी सिमेंट. शेडमध्ये उतरवू नको, पत्रे उडालेत, माघारी आण. अक्षर न अक्षर जागेवर होतं.

"तुझ्या फोनात काय आहे, काढ!" शेठ गरजले.

"पुसला. ह्या डबड्यात दहाच मेसेज मावतात. वाचला की पुसतो मी."

"पुसलास! वा!" आणि मग शेठ त्याच्या आईवर गेले. काशीराम त्यांच्याकडं होता तो शेठचा एकच ट्रक होता तेव्हापासून, आणि त्याच्या आईच्या हातची भाकरी शेठनी किती वेळा खाल्ली होती. तरी ते तोंडाला येईल ते बोलत सुटले.

काशीराम माहरुखकडं वळला. "तू तरी सांग गो."

"काका, इथं तर पूर्ण गेलेला दिसतोय," ती पडद्याकडं बघत म्हणाली.

त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला.

पुढच्या आठवड्यात भिकाजी ड्रायव्हर वैतागून ऑफिसात आला. "काय अर्धवट लिवता? वीरला जाऊन कोनाला भेटू? नाव लिवायला काय हात दुखला?" त्याच्या फोनात मेसेज मधेच तुटला होता. माहरुखच्या पडद्यावर तोच मेसेज नावासकट होता.

तिनं काशीरामचा मेसेज तसाच्या तसा पुन्हा लिहिला आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवला. फोन वाजला. डिझेल, ताडपत्र्या, पार्सल, सिमेंट, शेडमध्ये उतरव. बस. 'उतरवू'मधला शेवटचा यू आणि त्याच्या पुढचं सगळं गळालं होतं. नकार गेला होता आणि हुकूम उरला होता.

तिनं वायर बदलली, सिम बदललं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. छोटे मेसेज नीट जात, मोठे त्याच ठिकाणी तुटत. मग तिनं ते सॉफ्टवेअर विकणाऱ्या पनवेलच्या माणसाला फोन लावला.

"मॅडम, तुमच्याकडं डोंगर आहेत. रेंजचा प्रॉब्लेम."

"रेंज नसेल तर मेसेज येणार नाही. अर्धा कसा येईल?"

"मेसेज सेंटरचा नंबर तपासा."

"तपासला. मोठाच मेसेज का तुटतो ते सांगा."

मग तो खरं बोलला. "एकशे साठ अक्षरांच्या वर जात नाही ते. माहितीपत्रकात दिलंय की."

"मग वरची अक्षरं टाइपच कशी होतात? आणि पडद्यावर सगळं गेलं म्हणून का दाखवतं?"

"तेवढं त्यात बनवलेलं नाही हो."

"बनवलेलं नाही? तुमच्या त्या न बनवलेल्यापायी एका माणसाला आम्ही खोटा ठरवलाय!"

त्यानं फोन ठेवला. तिनं पुन्हा लावला. त्यानं उचललाच नाही.

ती तडक वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. शेठनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "झालं ते झालं. पुढं छोटे मेसेज लिही."

"आणि काशीरामकाका?"

"मग काय आता आवारात उभा राहून माफी मागू? ड्रायव्हर डोक्यावर बसतील."

"आईवरून बोललात तेव्हा आवारच होतं, अब्बा."

"माहरुख!"

ती थांबली नाही. तशीच बाहेर गेली, ड्रायव्हर चहा पीत होते तिथं. "काशीरामकाकांनी मेसेज बरोबर वाचला होता. चूक आमच्या मशीनची होती," तिनं मोठ्यानं सांगितलं. आतून शेठनी दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं काशीरामच्या गावी, उमरठला गेली. काशीरामनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"मशीननं अक्षरं खाल्ली. समजलं. पन माज्या आयवरून शिव्या मशीननं नाय दिल्या."

"नाही, काका."

"आनि तू? ल्हानपनी माज्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायचीस. त्या दिशी एकदा माज्याकडं बघितलंस? सगळा इश्वास त्या डब्यावर."

तिला रडू येत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. इथं रडणं म्हणजे त्याच्याकडून समजूत काढून घेणं झालं असतं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"शेटला सांग, जितं शिव्या दिल्या तितंच बोलायचं."

निरोप ऐकून शेठ दोन दिवस आवारात फिरकले नाहीत. शुक्रवारी नमाजानंतर ते आवारात आले आणि कुणाला तरी झाडावं तसे ओरडले, "काशीरामची चूक नव्हती! मी वाईट बोललो! ऐकलंत सगळ्यांनी? लागा कामाला!"

भिकाजीनं ते उमरठला कळवलं. काशीरामचं उत्तर आलं: ऐकलं, बरं झालं. तो मात्र आला नाही. माणगावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी त्यानं धरली होती.

"बोललो की मी! आता काय पाय धरू त्याचे?" शेठ टेबलावर हात आपटत म्हणाले.

"त्यांनी यायलाच पाहिजे असं कुठं ठरलं होतं?" माहरुख म्हणाली. तिचाही राग गेलेला नव्हता. वडिलांवरचा नाही, पनवेलच्या माणसावरचा नाही, स्वतःवरचा तर नाहीच. तिनं मोबाइलची वायर उपसून खणात टाकली, टेबलावरचा फोन पुढं ओढला आणि काम तोंडी सांगायला भिकाजीचा नंबर फिरवला. लागला नाही. तिनं पुन्हा फिरवला.