बर्फावरची सहा मिनिटं

बोटाएवढी पिवळी पेन्सिल, मागे रबरसुद्धा नसलेली — प्रत्येक खुर्चीच्या हातावर तशी एकेक ठेवलेली, सोबत अभिप्रायाचं कार्ड — आणि डेल्फीन ती उगाचच अंगठ्याने फिरवत शेवटच्या रांगेत बसली होती, कारण सिनेमाच्या चाचणीच्या खेळाला संकलकाने पडद्याकडे पाहायचं नसतं, डोकी पाहायची असतात. बरबँकच्या मॉलमधून भर दुपारी गोळा करून आणलेली तीनशे डोकी. ती स्थिर असली की सीन बरोबर. हात मानेकडे गेला, पॉपकॉर्नची पिशवी वाजली, कुणी खोकलं, की समजायचं, कुठेतरी सैल पडलंय. खोकला कधी खोटं बोलत नाही.

आणि लोक खोकत होते. एक इकडे, मग एक पलीकडे... बर्फावर!

सगळ्या सिनेमात नेमकं बर्फावर. गोठलेलं तळं, त्यावरून एकटी निघालेली मिरिन, काठावर मागे राहिलेला तिचा धाकटा भाऊ — या सहा मिनिटांसाठीच तर तिने हे काम घेतलं होतं, दोन वर्षं त्यात घातली होती. निर्माती व्हर्नाने सकाळीच बजावलं होतं, "आज लोक इथे थंड पडले ना, तर उद्या नऊला ते तळं अर्ध्यावर आणायचं. मग माझ्यापुढे रडगाणं नको." तीन मिनिटांचं तळं! तीन मिनिटांत तर डबकं ओलांडून होतं.

मूळ कादंबरीत त्याला चाळीस पानं होती. अकरा वर्षांची डेल्फीन, डुलुथ गाव, शाळेची बस... मिरिनच्या बुटांचे बंद बांधण्यालाच दीड पान, मग काठीने बर्फ ठोकून पाहणं, मग ऐकणं, मग एक पाऊल — आणि तिचा थांबा कधी मागे गेला ते कळलंच नाही, बस थेट डेपोत जाऊन उभी राहिली, तेव्हा ड्रायव्हरकाका आरशातून म्हणाले, "काय गं, घरच्यांनी घर बदललं की काय?" तिला खाली उतरायचीसुद्धा भीती वाटत होती. डेपोच्या अंगणात साधं, घाणेरडं, पायाखालचं बर्फ होतं, आणि तिने काकांना कळवळून सांगितलं होतं, मला नावाने हाक मारू नका हं.

तेच बर्फ तिने स्वतःच्या हाताने कापलं होतं. अकरा मिनिटांचं नऊ, नऊचं सात, सातचं सहा... बुटांचे बंद गेले, काठी गेली. दिग्दर्शक अँसेल मागे उभा राहून म्हणायचा, "अजून आवळ, डेल्फ, अजून," आणि ती आवळत गेली, दोरी आवळली की ताण वाढतोच अशा समजुतीने. आता पडद्यावर सगळं भराभर घडत होतं आणि कुणालाच कसली भीती वाटत नव्हती. काठावरच्या भावाने तोंडाभोवती हात धरले, जीव तोडून हाक मारली — "मिरिऽन!" — आणि हिरव्या टोपीतल्या एका गृहस्थाने निवांतपणे पॉपकॉर्नचा बकाणा भरला.

संपलं, असं तिच्या मनात येतंय तोच त्याच्या शेजारची बाई त्याच्या कानाशी वाकली. दोघं डेल्फीनच्या बरोबर पुढेच होती.

"अरे खातोस काय! बर्फावर नाव घेऊन हाक मारायची नसते. बर्फाखाली राहणारे ते नाव ऐकतात. मग त्या माणसाला ओढूनच नेतात."

"तुला काय माहीत?"

"पुस्तकात आहे."

"मग हे आधी सांगायला नको?" गृहस्थ म्हणाला. त्याने पॉपकॉर्न खाली ठेवला. आणि त्याचं डोकं पुढे झुकलं, पुढच्या खुर्चीच्या पाठीला जवळजवळ टेकलं, आणि तिथेच थांबलं. तीनशेंतलं एक.

डेल्फीनला एकदम इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. नावाडी! नावाडी म्हातारा! सुरुवातीलाच तो मिरिनला हा नियम सांगतो, सव्वा मिनिट, हळू आवाजात, जाळं विणत — चौथ्या महिन्यात तो सीन काढला, गोष्ट अडते म्हणून, आणि कुणाला म्हणजे कुणाला त्याची उणीव भासली नाही, कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाने, मी, अँसेल, व्हर्ना, आवाजवाले, सगळ्यांनी कादंबरी पाठ केली होती. आमच्या डोक्यात म्हातारा बोलतच होता. कापला गेला तो फक्त समोर बसलेल्या यांच्यासाठी. काय मूर्ख माणसं आपण... किती सुंदर मूर्खपणा, हाती लागलेला!

खेळ सुटल्यावर बाहेरच्या कठड्याशी अँसेल चेहरा पाडून उभा होता. तिने एका दमात सांगितलं.

"म्हातारा परत? अगं, पहिली वीस मिनिटं आधीच रेंगाळतायत."

"रेंगाळू देत. धोका माहीत असला की लोक रेंगाळण्याला ताण म्हणतात."

"आणि व्हर्ना?"

"तिलाही पाठ आहे पुस्तक. म्हणूनच तिचं ऐकायचं नाही."

तो हसला, पण हो म्हणाला नाही. "नऊला दाखव," एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी चार वाजता ती संकलनाच्या खोलीत होती, खिडकीवर पडदा, कोट अजून अंगात. म्हातारा सापडला. तिने तो जागेवर बसवला. मग बुटांचे बंद परत आणले, काठीचे तीन ठोके आणले, एकेका शॉटचं शेपूट लांबवलं. सिनेमा दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी वाढला... व्हर्ना ओरडणार, कदाचित ऐकणारही नाही, कदाचित तळं जाईलच. दोन वर्षं तिला या सीनमध्ये फक्त जोड दिसत होते, शॉटचे आकडे, कुठे श्वास जास्त आहे, कुठे कमी.

तिने सुरुवातीपासून लावलं. म्हातारा बोलला. खूप वेळाने मिरिनने बर्फावर पाय ठेवला. अजून एक. काठावर भावाने तोंडाभोवती हात नेले — हा शॉट तिने निदान चारशे वेळा पाहिला होता, पुढे काय होतं ते फ्रेमनिशी तिला ठाऊक होतं — आणि त्याने तोंड उघडलं, तेव्हा तिने घाईघाईने थांबवायचं बटण दाबलं. नको रे, ती म्हणाली, नको मारूस हाक.