सहा चौकटींचा पाठकोरा कागद

मी एक पाठकोरा कागद बोलतोय. नाक मुरडू नका! नगरपालिकेची अख्खी वेबसाइट माझ्या पाठीवर जन्मली आहे.

माझ्यावर घरपट्टीचा अर्ज छापला, तोही तिरका. मग काय, गठ्ठ्यासकट रवानगी चौकशीच्या खिडकीत. तिथे बाई बसायच्या. तीस वर्षं तीच खुर्ची आणि तेच प्रश्न. जन्मदाखला कुठे मिळतो? पाणी आलं नाही, कुणाला सांगू? बाईंनी डबा उघडला रे उघडला की खिडकीवर टकटक! डबा गार झाल्याशिवाय त्यांच्या पोटात घास गेला नाही. वेबसाइट होती म्हणा, पण तिच्यात शिरलेला माणूस गोंधळून शेवटी बाईंकडेच यायचा.

महिन्याभरात बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांची जागा भरणार नव्हते. "नवीन वेबसाइट येतेय ना," म्हणे. बाईंच्या जिवाला एकच घोर. "मी गेल्यावर या लोकांना कोण सांगणार?"

वेबसाइटचे नमुने करायला एका कंपनीतली पोरगी आली. ती चार दिवस बाईंच्या शेजारी ठाण मांडून बसली. येईल त्या प्रश्नाला एक रेघ. चौथ्या दिवशी तिने रेघा मोजल्या आणि ओरडलीच, "अहो बाई, शंभरातले नव्वद जण हेच सहा प्रश्न विचारतात!"

तिने मला ओढलं आणि माझ्या पाठीवर सहा चौकटी काढल्या. एकीत लिहिलं, 'जलपुरवठा विभाग'.

"खोड ते," बाई म्हणाल्या. "'पाणी आलं नाही' असं लिही गं. लोक तसंच बोलतात."

तिच्या साहेबांनी मला पाहून कपाळाला हात लावला. "हा चिटोरा नगरपालिकेच्या सभेत न्यायचा? शोभा होईल आपली!" त्यांचा स्वतःचा नमुना झगझगीत होता. वर नगराध्यक्षांचा हा एवढा फोटो!

सभेत तो नमुना पडद्यावर झळकला आणि अध्यक्ष खूश. "हाच घ्या." मी पोरीच्या पिशवीत होतो. संपलंच सगळं, असं वाटलं मला.

चौकशीचा अनुभव म्हणून बाईंनाही बोलावलं होतं. त्या उठल्या. तीस वर्षांत सभेत पहिल्यांदा बोलल्या.

"साहेब, तुमच्या घरी पाणी आलं नाही असं समजा. जरा तक्रार करून दाखवा."

अध्यक्षांनी लॅपटॉपवर इकडे दाबलं, तिकडे दाबलं. शेवटी फोटो दाबला, तर फोटोच आणखी मोठा झाला! सभागृहात खसखस पिकली.

पोरीने मला झटकन टेबलावर ठेवलं. अध्यक्षांचं बोट थेट 'पाणी आलं नाही'वर आलं. तिने दुसरा कागद पुढे सरकवला: पत्ता, फोन, पाठवा.

"झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालं," पोरगी म्हणाली.

ते मनमोकळं हसले. "मग हाच करा. माझा फोटो नको." अहो, आनंदाने मी टेबलावरून उडायचा तेवढा राहिलो होतो!

बाईंच्या शेवटच्या आठवड्यात वेबसाइट सुरू झाली, माझ्यासारखी हुबेहूब. आज मी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दिमाखात बसलोय. तुम्हाला एकच विनंती, पाठकोरा कागद फेकण्याआधी त्याची पाठ एकदा बघा.

आज बाईंचा शेवटचा दिवस. एक वाजता त्यांनी डबा उघडला आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. टकटक झालीच! बाहेर एक आजोबा उभे.

"काय हवंय आजोबा?"

"काही नको. कालच मोबाइलवरून तक्रार केली होती. पाणी आलं, तेवढं सांगायला आलो. तुम्ही जेवा."

बाईंचे डोळे भरून आले. मग त्या जेवायला बसल्या. डब्यातून अजून वाफ येत होती.