वाळूत उमललेलं फूल

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर टेबल, टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं रेशमी कापड, त्यावर पितळेची चौकोनी थाळी आणि थाळीत वाळू. शेजारी विजेवर चालणारा पेटीतला तंबोरा इतक्या मोठ्यानं घुमत होता, की बाजूच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. एक मुलगा गायला लागला आणि काय सांगू, वाळू सरसर सरकली, तिचं आठ पाकळ्यांचं फूल झालं!

"अहाहा! या गळ्यात ब्रह्मांड आहे, ब्रह्मांड!" मुलांच्या गळ्यातला नाद पारखायला शाळेत आलेले नादगुरू डोळे मिटून म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगा शाळेच्या विश्वस्तांचा होता, हा निव्वळ योगायोग बरं का!

तिसऱ्या रांगेत खटपटी नखं खात बसली होती. घरी तिला सगळे याच नावानं हाक मारत. ती आणि तिची धाकटी बहीण विज्ञान-कला प्रदर्शनासाठी आवाजाची चित्रं काढत होत्या. धाकटी माइकमध्ये गायची, आवाज स्पीकरमध्ये जायचा आणि स्पीकरला जोडलेल्या पत्र्यावर वाळू नाचायची. पण काल धाकटी या थाळीसमोर गायली, तर वाळू ढिम्म हलली नाही. "या गळ्यात नाद नाही. महिनाभर मौन!" गुरूंनी निकाल दिला आणि आईनं तो मुकाट्यानं मानला. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि पोरगी कालपासून मुकी. उशीत तोंड खुपसून रडली, तीही आवाज न करता. ते आठवून खटपटीला एका जागी बसवत नव्हतं.

तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. स्पीकर न जोडता त्या दोघींनी घरी घसा बसेपर्यंत ओरडून पाहिलं होतं, तेही याहून पातळ पत्र्यासमोर. वाळूचा कण हलला नव्हता. मग इथे हलवतंय कोण?

"आता आमची दरवर्षी वर्गात पहिली येणारी विद्यार्थिनी!" मुख्याध्यापिकाबाईंनी पुकारलं. गुरूंचे डोळे चमकले. अशा मुलीचा फोटो जाहिरातीत किती शोभेल! पेटीजवळच्या शिष्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली.

खटपटी उठून व्यासपीठावर गेली. फजिती झाली तर आई जन्मभर ऐकवणार होती. तिनं तोंड उघडलं, ओठ हलवले, मान डोलावली. गळ्यातून हूं नाही की चूं नाही.

थाळीत फूल उमललं.

"काय सूर लागलाय!" पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले. आईनं डोळे पुसले.

"अहो, मी गायलेच नाही!" खटपटी ओरडली.

गुरू क्षणभर गडबडले, पण गडी मुरलेला होता. "बघा! मौनाचाही नाद असतो! हीच तर परमावस्था!" लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. आता काय डोकं फोडून घ्यायचं?

खटपटीनं तंबोऱ्याची वायर खस्सकन ओढली. तंबोरा गप्प झाला, टाळ्याही विरल्या आणि टेबलाखालून सगळ्यांना ऐकू आलं, गूंऽऽऽ. शिष्य बिचारा टाळ्या ऐकण्यात रमला होता, त्याचा पाय अजून बटणावरच होता.

तिनं कापड वर केलं. थाळीला जोडलेला दांडा टेबलातून खाली आला होता आणि त्याच्या टोकाला हा भला मोठा स्पीकर!

"पत्रा जिथे थरथरतो तिथून वाळू उडते, जिथे स्थिर असतो तिथे गोळा होते. झालं फूल! बटण दाबलं की ब्रह्मांड, नाही दाबलं की नाद नाही. सगळ्यांच्या फुलाला आठच पाकळ्या कशा, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही?"

"सूक्ष्म कंपनं... बाळ, तुला कळायचं नाही..." असं पुटपुटत गुरूंनी शाल सावरली आणि मागच्या दाराचा रस्ता धरला.

आईनं शेजारी बसलेल्या धाकटीला जवळ ओढलं. "चुकलं गं माझं. गा तू."

"आणि वाळू हलली नाही तर?" कालपासूनचे तिचे हे पहिले शब्द.

"नाहीच हलणार," खटपटी म्हणाली. "नुसत्या गाण्यानं ती कुणाचीच हलत नाही."

धाकटी गायली. आधी आवाज कापला, मग मोकळा झाला. वाळू जागच्या जागी होती, पण आता थाळीकडे बघत होतं कोण!

तर मंडळी, आपल्या पोरांच्या गळ्यात काय आहे ते आपल्याच कानांनी ऐका, थाळीला कशाला विचारता? आणि कुठे कापड असं जमिनीपर्यंत लोंबताना दिसलं, तर हात जोडण्याआधी जरा खाली वाकून बघा.